अर्ध्या सेकंदासाठी भोपाळ

भोपाळहून परतल्यावर शेजारच्या बाईंनी विचारले, "काय काय पाहिलंत?" मी म्हणाले, "दोन तलाव, एक मंत्री आणि अठरा उंदीर." त्यांना वाटले, मी टाळते आहे. वास्तविक मी आठवणीत राहण्याच्या चढत्या क्रमाने सांगितले होते.

जाण्याचे कारण सरळ होते. मी पुण्यात एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. वासंती देव ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा नवरा माधव भोपाळला विजेची अवजड यंत्रे बनवणाऱ्या नव्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून गेला आणि तीही तिथल्या एका कॉलेजात लागली. संशोधनासाठी तिने विषय घेतला होता, भीती शिकण्यात वेळेचा वाटा किती. उंदराला घंटा ऐकवायची आणि लगेच पायाखालच्या जाळीतून विजेचा बारीकसा झटका द्यायचा. पाच-सहा वेळा असे झाले की पुढे नुसत्या घंटेने उंदीर जागच्या जागी थिजतो, पाणी पिणे सोडतो. घंटा आणि झटका यांच्यात किती अंतर ठेवले म्हणजे भीती पक्की बसते, आणि किती वाढवले म्हणजे विरून जाते, हे तिला मोजायचे होते.

तिचे पत्र आले. "बाई, दोन महिने झाले. माझे उंदीर घंटेला घाबरतच नाहीत. येत्या शनिवारी मंत्री कॉलेज पाहायला येणार आहेत. त्यांच्यासमोर प्रयोग फसला तर प्राचार्य माझी खोली काढून घेऊन तिथे पाहुण्यांसाठी स्वागतकक्ष करणार. दुसरी खोली नाही. खोली गेली की प्रबंध गेला. तुम्ही याल का?"

थंडीचे दिवस होते आणि माझी रजा शिल्लक होती. शिवाय घंटेला न घाबरणारा प्राणी मी तोवर पाहिला नव्हता. अठ्ठावीस वर्षे कॉलेजात काढली आहेत.

सोमवार, गोविंदपुरा

स्टेशनाबाहेर पडताच तांगेवाल्याने विचारले, "को खां, कहां चलना है?" मला आयुष्यात प्रथमच कोणी खां म्हटले. नंतर कळले की भोपाळात हे सगळ्यांनाच म्हणतात, त्यात वय, धर्म, नऊवारी काही आडवे येत नाही. पुण्यात माणसाला नुसते हाक मारायची तरी आधी त्याचे आडनाव विचारावे लागते. मला ही सोय आवडली.

जुने शहर मागे पडले की बराच वेळ नुसता माळ लागतो. मग एकदम गोविंदपुऱ्याच्या बाजूला सारख्याला सारख्या घरांच्या रांगा उभ्या राहतात. भोपाळ राजधानी होऊन थोडीच वर्षे झाली होती. जो तो नव्याने आलेला. वासंतीच्या समोर मल्याळी, उजवीकडे बंगाली, मागे पंजाबी. सगळे मिळून एक हिंदी बोलतात, जी त्यांच्यापैकी कोणाचीच नाही. मराठी माणसांत मात्र दोन तट आहेत. एक कारखान्यासाठी पुण्या-मुंबईकडून आलेले. दुसरे नागपूरचे. नागपूरची राजधानी गेली तेव्हा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर जे कारकून इकडे आले, ते नागपूरचे नाव अजून असे घेतात की जणू तिथे त्यांचे कोणी आजारी आहे.

या वसाहतीत भोंग्याचे राज्य आहे. भोंगा झाला की वासंती तवा चढवते. वीस मिनिटांनी माधव सायकल टेकवतो तेव्हा पहिली पोळी उतरलेली असते. रांगेतल्या साऱ्या घरांतून एकदम धूर निघतो. पुण्यात आम्ही भोंगा चुकला की काय ते पाहायला घड्याळ बघतो. इथे घड्याळच चुकलेले असते.

"एकदा भोंगा बिघडला होता," माधव म्हणाला. "मी घरी आलो तर ही म्हणते, इतक्या लवकर कसे?"

"मग काय!" वासंती म्हणाली. "तुम्ही बिघडलात असं वाटलं."

ती हसली, पण ताटात भात तसाच होता. माणूस जेवायचे विसरला आहे, हे ओळखायला मानसशास्त्र लागत नाही.

मंगळवार, कॉलेज

कॉलेज जुन्या शहरात, नबाबी काळातल्या एका इमारतीत आहे. कमानी सुंदर आहेत आणि फळा लावायला एकही भिंत सरळ नाही. प्राचार्यांनी चहा मागवला. त्यात मीठ होते. मी पहिल्या घोटाला दचकले, दुसऱ्याला विचारात पडले आणि तिसऱ्याला कप संपला होता. इथे अनेक जण चहात चिमूटभर मीठ घालतात. पुण्यात हे कोणी केले असते तर त्याच्यावर वर्तमानपत्रात पत्रे आली असती.

प्राचार्य गोड बोलणारे गृहस्थ. मला घेऊन ते वासंतीच्या खोलीत आले आणि उंदरांच्या डोक्यावरून हात फिरवीत सांगू लागले, "यहां सोफ़ा आ जाएगा, यहां गुलदस्ता. और इस कोने में मानचित्र." त्या कोपऱ्यात वासंती उभी होती.

"शनिवार के बाद ही तो, सर?" तिने विचारले.

"बेटी, मुझे तो बड़ी ख़ुशी होगी अगर चूहे डर जाएं. लेकिन दो महीने में जो नहीं डरे, वो मंत्रीजी को देखकर क्या डरेंगे?"

ते गेल्यावर प्रयोग पाहिला. पेटी उत्तम होती. ती बनवली होती कारखान्यातल्या एका मेकॅनिकने, वानखेडे यांनी, भंगारातल्या सामानातून, सुटीच्या दिवशी, केवळ हौसेने. पितळी सळ्यांची जाळी, बाजूला पाण्याची नळी आणि मागे छोट्या मोटरीवर फिरणारी एक चकती. चकतीवर दोन खिट्ट्या. एक झटक्याचे बटण दाबते, दुसरी घंटेचे. माणसाचा हात कुठे लागतच नाही, त्यामुळे वेळेत केसभर फरक पडत नाही. इतके नेटके काम मी पुण्यातसुद्धा पाहिले नव्हते, आणि पुणेकर हे सहसा लिहीत नाही.

आधी तिने एक नेहमीचा पाठ दाखवला. उंदीर उडाला, घंटा वाजली, संपले. मग झटका बंद करून नुसती घंटा. उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. घंटा झाली तसा तो सैल झाला, नळीपाशी आला आणि पाणी प्यायला लागला. दुसराही तसाच. तिसराही.

"बघा," वासंती म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "बाराच्या बारा असेच. मी झटका वाढवून पाहिला, घंटा बदलून पाहिली. बाई, माझ्यातच काही चुकतंय का?"

उंदरांची देखभाल रहमत मियां करतात. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा पायजमा. नबाबाच्या रियासतीत ते शिकारी कुत्र्यांवर होते. पिंजऱ्यात भिजवलेले चणे टाकताना ते म्हणाले, "मैं तो बीबी से पहले दिन से कह रहा हूं. घंटी बजती है तो इन बेचारों की जान में जान आती है."

"मियां, तुम्ही दयाळू आहात म्हणून तुम्हाला तसं दिसतं," वासंती हिंदी-मराठीच्या मिश्रणात म्हणाली.

"दयालू तो हूं," ते शांतपणे म्हणाले. "अंधा नहीं हूं."

बुधवार, तलावाकाठी

वासंतीला तास होते, म्हणून मी एकटी फिरले. चौकात पोहे खाल्ले. इथे पोह्यांबरोबर जिलबी देतात आणि वरून शेव घालतात. गोड आणि तिखट एका घासात घ्यायचे की वेगळे, हे विचारल्यावर दुकानदाराने माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की मी दोन्ही एकदम तोंडात टाकले. तो बरोबर होता.

मग धाकट्या तलावाच्या काठी येऊन बसले. ऊन कोवळे होते. पाण्यात मशिदीचे मनोरे हलत होते, आणि पलीकडच्या काठावर एक धोबी कपडे आपटत होता. मी त्याच्याकडे पाहत होते, कारण त्याच्यात काहीतरी विचित्र होते. त्याचा हात खाली येई, कपडा दगडावर बसे, आणि आवाज येत नसे. मग तो हात वर नेई, आणि तेव्हा धप्प ऐकू येई. जणू कपडा उचलल्यामुळे आवाज होत होता. पाण्यावरून यायला आवाजाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच हा घोळ. मी शाळेत हे शिकले आहे. तरी पाच मिनिटे गंमत पाहत राहिले.

आणि मग उठून उभी राहिले.

काल उंदीर आधी उडाला होता. घंटा नंतर वाजली होती.

दोन्ही इतके लागून होते की डोळ्यांनी आणि कानांनी ते एकत्र करून टाकले. शिवाय आम्हाला ठाऊक होते की घंटा पहिली आहे. जे ठाऊक असते ते आपण पाहत नाही. तांगा करून कॉलेजात आले. वासंतीचा तास मध्येच थांबवला, जे मी माझ्या वर्गात कोणाला करू दिले नसते. दोघींनी चकती हाताने हळूहळू फिरवली. पहिली खिट्टी आली, झटक्याचे बटण दबले, सुटले. मग दुसरी खिट्टी. घंटा.

वासंती स्टुलावर बसली. "दोन महिने," एवढेच म्हणाली.

दारातून रहमत मियां पाहत होते. "को खां," ते उंदरांना म्हणाले, "हमारी तो कोई सुनता नहीं."

गुरुवार, सोनागिरी

वानखेडे सोनागिरीकडे राहतात. मूळचे अमरावतीचे. कारखान्यात जिथे तयार यंत्रांना विजेचा मोठा दाब देऊन तपासतात, त्या विभागात ते काम करतात. पन्नाशीचे, बारीक, बोटांवर जुन्या चटक्यांचे डाग. आम्ही कशासाठी आलो हे सांगण्याआधीच त्यांच्या पत्नीने पाने वाढली. गोळाभात होता, डाळीचे तिखट गोळे आणि वर कडकडीत फोडणीचे तेल. रागावून आलेल्या माणसाला आधी जेवू घालणे ही वऱ्हाडी युक्ती आहे. वासंती तिला बळी पडली नाही. तिने घास घेण्याआधी खिशाएवढा एक कागद पुढे ठेवला.

"वानखेडे, हा माझा कागद. इथे काय लिहिलंय? आधी घंटा, मग झटका. पेटीत उलटं का आहे?"

वानखेड्यांनी कागद पाहिलासुद्धा नाही. "उलटं नाई मॅडम. सुलटं केलं मी ते."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मंग? तुमचा कागद पाह्यला अन् मले वाटलं, मॅडमची गडबड झाली लिहिताना. आमच्या इथं घंटी कवा वाजते? करंट बंद झाला का. घंटी वाजली म्हंजे हात घाला, आता भेव नाई. तीस जण त्या घंटीवर जीव ठेवून काम करून राह्यले. अन् तुम्ही लिहिलं, घंटी वाजवून मंग करंट सोडा. कोन्या मेकॅनिकनं ऐकली अन् हात घातला तं?"

"तिथे मेकॅनिक कुठून येणार? उंदीर असतात."

"मी तं येतो," वानखेडे म्हणाले. "पेटी साफ कराले."

वासंतीचे ओठ आवळले होते. "विचारायचं होतंत मला."

"मोठ्या माणसाची चूक मुकाट्यानं दुरुस्त कराव, असं शिकलो बापा. साहेब लोक ड्रॉइंगमंदी काई बी काढतेत. आपून बरोबर बनवून देतो. आजवर कोनी तक्रार नाई केली." मग त्यांनी हळूच विचारले, "लई नुकसान झालं का?"

"माझी खोली चालली आहे वानखेडे. परवा."

वानखेड्यांनी पानावरून हात मागे घेतला. त्यांच्या पत्नीने नवऱ्याकडे असे पाहिले की त्या दिवशी घरात कोणती घंटा वाजणार हे मला कळले.

मी मात्र गोळाभात दुसऱ्यांदा मागितला. मला दोन गोष्टी दिसत होत्या आणि दोन्ही चांगल्या होत्या. "वासंती," मी म्हणाले, "तुझे उंदीर बिघडलेले नाहीत. त्यांना जे शिकवलं ते ते चोख शिकलेत. ती पेटी म्हणजे झटक्याची जागा हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून ते कोपऱ्यात बसतात. आणि घंटा म्हणजे आत्ताचा झटका संपला. म्हणून ते पाणी पितात. वानखेड्यांच्या विभागात तेच होतं. तुला भीतीची वेळ मोजायची होती, तुला सुटकेची वेळ मिळाली."

"पण मंत्र्यांना काय दाखवू?"

"नवे उंदीर किती आहेत?"

"सहा. पेटीत कधी न घातलेले."

"पुरे झाले. वानखेडे, उद्या खिट्ट्या बदलाल?"

"नाई," वानखेडे म्हणाले. वासंतीने मान वर केली. "आधी लाल दिवा लावीन. करंट चालू असला का पेटला पाह्यजे. मंग बदलतो. उंदरासाठी घंटी, मानसासाठी दिवा."

शुक्रवारी त्यांनी रात्रपाळी करून येऊन तसे केले. त्यानंतर पुण्याची मी आणि अमरावतीचे वानखेडे दिवसभर एका पेटीकडे पाहत बसलो. फरक एवढाच केला होता की आता घंटा अर्धा सेकंद आधी वाजत होती. दुपारपर्यंत सहाच्या सहा उंदीर नुसत्या घंटेने थिजू लागले. रहमत मियां मात्र त्या दिवशी आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "आज का तमाशा मुझे नहीं देखना." मी त्यांना दोष देत नाही. हा विषय मी अठ्ठावीस वर्षे शिकवते आहे आणि झटक्याच्या क्षणी माझे डोळे अजून आपोआप मिटतात.

शनिवार

मंत्री दहाला येणार होते. पावणेदहाला सगळे हार घेऊन उभे राहिले. साडेबाराला हार बसले होते आणि माणसे उभी होती. फाटकाबाहेर हॉर्न वाजला आणि साठ-सत्तर सुशिक्षित माणसांचे श्वास एकदम थांबले. जो विद्यार्थी केळे खात होता त्याचे केळे तोंडापाशी राहिले. वासंतीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघींनी मोठ्या कष्टाने चेहरे सरळ ठेवले.

खोलीत गर्दी झाली. वानखेडे इस्त्रीचा शर्ट घालून लाल दिव्यापाशी उभे होते. दोन पिंजरे शेजारी. वासंतीने आधी नवा उंदीर पेटीत सोडला. तो नळीला तोंड लावून निवांत पीत होता, कारण घंटेवाचून झटका येत नाही हे तो शिकला होता. घंटा वाजली. उंदीर दगड झाला. मिशासुद्धा हलेनात.

प्राचार्यांनी टाळी वाजवायला हात उचलले. वासंती म्हणाली, "ज़रा ठहरिए, सर." आणि जुना उंदीर सोडला. तो थेट कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसला. तीच पेटी. तीच घंटा वाजली. उंदीर सैल झाला, चालत आला आणि पाणी प्यायला लागला.

"तो पहला डरपोक है और दूसरा बहादुर?" मंत्र्यांनी विचारले. मागून कोणीतरी लगेच 'वाह' म्हटले.

माझ्या मनात आले, संपले. आता यावर निर्भय पिढीचे भाषण होणार. वासंती घाबरली नाही. "जी नहीं. दोनों एक जैसे हैं. पहले को घंटी करंट से आधा सेकंड पहले मिली, दूसरे को करंट के ठीक बाद. पहले ने सीखा, आफ़त आ रही है. दूसरे ने सीखा, आफ़त गई. सारा फ़र्क़ आधे सेकंड का है."

मंत्री वाकले. "फिर से बजाइए." घंटा. "एक बार और." त्यांच्या सचिवाने घड्याळ दाखवले, त्यांनी पाहिले नाही. मग सरळ होऊन म्हणाले, "और अगर घंटी और करंट के बीच देर हो जाए? दस सेकंड, एक मिनट? तब डरेगा कि नहीं?"

मंत्र्याने विचारलेला शहाणा प्रश्न मी आयुष्यात हा एकच ऐकला आहे, आणि तो ऐकून मला माझीच थोडी शरम वाटली. अडीच तास मी त्यांच्याबद्दल जे काही मनात बोलत होते ते सगळे परत घ्यावे लागले.

वासंतीचे डोळे चमकले. "वही तो नापना है, सर. उसी के लिए यह कमरा चाहिए."

प्राचार्य पुढे झाले. "कमरा तो इन्हीं का है," ते म्हणाले, जणू बांधले तेव्हाच त्यावर तिचे नाव होते. "हमारे यहां स्वागत तो बरामदे में ही होता है."

मंत्री निघाले. फाटकाशी पुन्हा तोच हॉर्न वाजला, आणि सगळे जण एकदम सैल होऊन लाडवांच्या ताटाकडे वळले. रहमत मियां दोन लाडू घेऊन आत आले. एक वानखेड्यांना दिला. दुसरा कुस्करून बारा जुन्या उंदरांना वाटला. सहा नव्यांना काय द्यावे याचा त्यांनी थोडा विचार केला, मग स्वतःच्या खिशातून चणे काढले.

रविवार, स्टेशन

मला पोचवायला वासंती, माधव आणि वानखेडे आले होते. वानखेड्यांच्या पत्नीने डबा दिला होता. उघडायच्या आधीच तेलाचा वास येत होता आणि मी मनातून खूश होते.

वासंती दोन दिवसांत निराळी दिसत होती. प्रबंधाचा पहिला अर्धा भाग तिच्या डोक्यात तयार होता. दोन महिन्यांच्या ज्या वह्या ती फाडायला निघाली होती, त्यांचेच आता एक प्रकरण होणार होते. झटक्यानंतरची घंटा. "वानखेडे," ती म्हणाली, "पेटी कशी बनली, खिट्ट्या कशा उलट्या बसल्या, ते सगळं मी लिहिणार आहे. लपवता येणार नाही."

वानखेडे जरा सावध झाले. "म्हंजे माही चूक छापून राह्यल्या का तुम्ही?"

"हो. तिच्याशिवाय ते प्रकरणच नाही."

"नावासकट?"

"तुमची हरकत असेल तर नाव घालत नाही."

गार्डने शिटी दिली. वानखेड्यांनी बराच विचार केला. गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चार पावले चालले, पण माझ्याशी नव्हे, मागे वळून वासंतीशी बोलत.

"मंग नाव पुरं लिहा मॅडम. शॉपमंदी दोन वानखेडे हायेत. त्या दुसऱ्याले फुकटचं नाव जाईल."